समुद्रात आपल्याला थांबवतं कोण? संरक्षण खात्याची उतरंड आणि आपली बोट



बंदीचे दिवस आहेत, बोटी धक्क्याला लागल्या आहेत, जाळी शिवण्याचं काम चालू आहे. अशा वेळी थोडं निवांत वाचायला म्हणून हा विषय घेतला. संस्थेच्या ऑफिसात एक वाक्य सीझनभर ऐकू येतं : "नेव्हीवाल्यांनी थांबवलं." आम्ही विचारतो, बोट कुठल्या रंगाची होती? एक म्हणतो पांढरी, दुसरा म्हणतो करडी, तिसरा म्हणतो छोटी स्पीडबोट होती आणि आत खाकीवाले होते. म्हणजे तीन वेगळ्या दलांची माणसं, आणि आपल्या तोंडी तिघांचं नाव एकच. बोलण्यात चालतं ते. पण जाळं तुटलं, कागद जप्त झाले किंवा बोट वेळेवर परत आली नाही, तर कुणाचं दार ठोठवायचं हे माहीत असावं लागतं. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि सीझन संपतो.

तर सुरुवात अगदी वरून करू.

देशाच्या तिन्ही सेनादलांचे सर्वोच्च सेनापती राष्ट्रपती. घटनेच्या ५३व्या कलमात तसं लिहिलं आहे. प्रत्यक्ष कारभार मात्र मंत्रिमंडळ चालवतं आणि त्यासाठी संरक्षणमंत्री असतात. मंत्री हा निवडून आलेला माणूस, गणवेशातला नव्हे. आपल्या देशात सैन्य हे लोकांनी निवडलेल्या सरकारच्या हाताखाली आहे, वर नाही. शेजारच्या काही देशांत काय होतं ते आपण बातम्यांत बघतोच.

संरक्षण मंत्रालय म्हणजे एक ऑफिस, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. एका छपराखाली पाच चुली आहेत. पहिला संरक्षण विभाग, त्याचे प्रमुख संरक्षण सचिव, म्हणजे आयएएस अधिकारी. दुसरा सैन्य व्यवहार विभाग. हा सगळ्यात नवा, त्याला मंजुरी मिळाली डिसेंबर २०१९ मध्ये. तिसरा संरक्षण उत्पादन विभाग, चौथा संशोधनाचा, ज्याला आपण डीआरडीओ म्हणून ओळखतो, आणि पाचवा माजी सैनिकांच्या कल्याणाचा. पेन्शन आणि दवाखान्याची कामं असतात ती या पाचव्याकडे.

यातला तिसरा विभाग आपल्या अगदी शेजारी आहे. वास्कोची गोवा शिपयार्ड ही त्याच विभागाची कंपनी, मुंबईची माझगाव डॉकसुद्धा. खारीवाड्याच्या पोरांना शिपयार्ड म्हणजे नोकरीचं ठिकाण एवढंच माहीत. पण आपण समुद्रात ज्यांना बघतो त्या कोस्ट गार्डच्या आणि नेव्हीच्या कितीतरी बोटी तिथेच बांधल्या गेल्या. तेलगळती आवरण्यासाठी कोस्ट गार्डला हवं असलेलं 'समुद्र प्रताप' हे जहाजही ऑगस्ट २०२४ मध्ये तिथेच पाण्यात उतरलं.

आता दुसरी चूल, सैन्य व्यवहार विभाग. लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिघांचा कारभार या विभागात येतो. त्याचे सचिव म्हणजे आयएएस अधिकारी नव्हे, तर गणवेशातला माणूस, चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, म्हणजे सीडीएस. पहिले सीडीएस जनरल बिपिन रावत १ जानेवारी २०२० ला खुर्चीत बसले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात ते गेले. पुष्कळांना वाटतं की सीडीएस हे तिन्ही दलप्रमुखांचे साहेब. ते खरं नाही. ते सरकारचे मुख्य सल्लागार आहेत, तिन्ही दलांची खरेदी, ट्रेनिंग, साधनसामग्री एकत्र आणणं हे त्यांचं काम. पण नौदलाच्या जहाजाला थेट हुकूम ते देत नाहीत. लढाईचा हुकूम दलप्रमुख आणि त्यांच्या कमांडमार्फतच खाली जातो.

कमांड म्हणजे काय, तर देशाचे वाटून घेतलेले हिस्से. लष्कराच्या सहा कमांड सरहद्दी आणि मुलूख सांभाळतात आणि सातवी, सिमल्याची, ट्रेनिंगची. आपल्या बाजूला पुण्याची दक्षिण कमांड. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आपल्या घाटावरच्या नातेवाईकांपैकी कुणी ना कुणी तिथे असतोच. हवाई दलाच्याही सात कमांड आहेत, त्यातली दुरुस्ती-देखभालीची नागपूरला. या दोन दलांशी आपलं समुद्रात काम पडत नाही, म्हणून पुढे जाऊ.

नौदलाच्या कमांड तीनच. मुंबईला पश्चिम, विशाखापट्टणमला पूर्व, कोचीला दक्षिण, आणि कोचीची मुख्यतः ट्रेनिंगची. अंदमानला तिन्ही दलांची मिळून एक कमांड आहे, २००१ साली झालेली. आपण पश्चिम कमांडमध्ये. मुंबईला बसलेल्या व्हाइस अॅडमिरलच्या हाताखाली गोवा एरियाचे वेगळे रिअर अॅडमिरल आहेत, आणि गंमत म्हणजे हेच साहेब अख्ख्या देशाच्या नौदलाच्या विमानदळाचेही प्रमुख. कारण दाबोळीचा आयएनएस हंसा तळ. आपण ज्या विमानतळावर पाहुण्यांना सोडायला जातो तो नौदलाचाच आहे, प्रवासी विमानं तिथे पाहुणी. खाली कारवारला आयएनएस कदंब, २००५ साली सुरू झालेला. काणकोणकडच्या बोटींना तो चांगलाच ठाऊक आहे, कारण अंजदीव बेट आता त्या तळाच्या हद्दीत आहे आणि तिथे जवळ जाता येत नाही.

अंजदीवचा विषय निघालाच आहे तर दोन ओळी. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला त्या वेळी तिन्ही दलं एकदम उतरली होती. लष्कराच्या फौजा जमिनीवरून आल्या, हवाई दलाने दाबोळीची धावपट्टी फोडली, आणि नौदलाने बंदराजवळ 'अफोंसो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज जहाजाला गाठलं. अंजदीववर उतरताना नौदलाचे सात जण गेले. तिघांनी मिळून लढायचं तर आधीपासून मिळून ठरवावं लागतं. सीडीएस पद, 'एकत्रित कमांड' यांची जी चर्चा आज दिल्लीत चालते, ती याच कामासाठी. आपल्या जुन्या लोकांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आहे.

आता खरा मुद्दा, कोस्ट गार्ड.

कोस्ट गार्ड संरक्षण मंत्रालयातच आहे, पण नौदलाच्या खाली नाही. सैन्य व्यवहार विभागातही नाही. ते पहिल्या चुलीवर, म्हणजे संरक्षण सचिवांच्या विभागात आहे. बजेटात सुद्धा त्यांचा खर्च सेनादलांच्या खात्यात नाही, मंत्रालयाच्या 'नागरी' खात्यात दाखवतात. त्यांचा प्रमुख डायरेक्टर जनरल. जहाजाच्या नावापुढे नौदलाचं 'आयएनएस' असतं, कोस्ट गार्डचं 'आयसीजीएस'. नौदलाचं जहाज करडं आणि त्यावर नंबर. कोस्ट गार्डचं पांढरं, अंगावर तिरका पट्टा आणि बाजूला मोठ्या अक्षरात नाव. हे दोन फरक नव्या खलाशांना पहिल्या दिवशीच शिकवावेत, जसं आपण लाइफजॅकेट कुठे ठेवलंय ते दाखवतो तसं.

हे दल कसं झालं? सत्तरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर तस्करी जोरात होती. सोनं, घड्याळं, कापड. दमण, मुंबई, इकडे आपल्या बाजूलाही काय चालायचं ते जुन्या मंडळींना विचारा, हसतील आणि सांगणार नाहीत. कस्टमकडे चांगल्या बोटी नव्हत्या आणि नौदलाला तस्करांच्या मागे धाववणं म्हणजे डास मारायला तोफ. के. एफ. रुस्तमजी यांच्या कमिटीने १९७४-७५ मध्ये अभ्यास करून सांगितलं की समुद्रात कायदा राखायला वेगळं दल हवं. फेब्रुवारी १९७७ मध्ये तात्पुरती सुरुवात झाली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये कायदा होऊन दल रीतसर उभं राहिलं.

तो १९७८ चा कायदा आपण वाचायला हवा. निदान १४वं कलम. त्यात कोस्ट गार्डची कामं लिहिली आहेत. पहिलं काम समुद्रातल्या तेलविहिरी आणि बांधकामांचं रक्षण. आणि दुसरंच काम, त्या कलमात लिहिलेलं, मच्छीमारांचं संरक्षण, आणि समुद्रात संकटात सापडल्यास त्यांना मदत. प्रदूषण रोखणं, कस्टमला मदत, ही सगळी त्याच्या नंतर. म्हणजे पांढरी बोट आपल्याला मदत करते तेव्हा उपकार करत नाही, कायद्यात लिहिलेलं काम करते. आणि पांढरी बोट थांबवून कागद बघते तेव्हाही कायद्यातलंच काम करते. दोन्ही बाजू लक्षात ठेवल्या तर तांडेलाचा आवाज चढत नाही आणि समोरच्याचाही चढत नाही, हा आमचा अनुभव आहे.

कोस्ट गार्डचे पाच विभाग आहेत आणि आपण पश्चिम विभागात, मुख्य ऑफिस मुंबईला. गोव्यासाठी जिल्हा मुख्यालय नंबर ११. शोध आणि बचाव या कामाचे देशात तीन मोठे कंट्रोल रूम : मुंबई, चेन्नई आणि अंदमान. आपला माणूस समुद्रात अडचणीत आला तर कॉल शेवटी मुंबईच्या कंट्रोल रूमला पोचायला हवा. फोन नंबर १५५४, पैसे लागत नाहीत. समुद्रात व्हीएचएफचा चॅनल १६. आणि ज्यांच्या बोटीवर इस्रोचं लाल बटणवालं डिस्ट्रेस यंत्र आहे, त्यांनी बटण दाबलं की सिग्नल उपग्रहावरून बंगळुरूला उतरतो आणि तिथून मुंबईला कळतो. खेळात कुणी बटण दाबलं तरी तीच धावपळ होते, हे पोरांना सांगून ठेवा.

२००८ नंतर गोष्टी कशा बदलल्या ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आज आपल्याला जे कार्ड दाखवावं लागतं, टोकन घ्यावं लागतं, नंबर मोठा रंगवावा लागतो, ते सगळं तिथून आलं. त्या नोव्हेंबरात दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट समुद्रात पळवली. खलाशांना मारलं, तांडेलाला मुंबईच्या जवळ येईपर्यंत बोट चालवायला लावली आणि मग त्यालाही मारलं. २६/११ चे पहिले बळी आपलेच भाऊबंद होते, ही गोष्ट टीव्हीवर कुणी फारशी सांगत नाही. ते दहाजण मुंबईला उतरले ते मच्छीमार वस्तीत, आणि तुम्ही कोण म्हणून त्यांना हटकलं तेही तिथल्या कोळी लोकांनीच.

त्या आधी किनाऱ्याची राखण कुणी करायची हे नीट वाटलेलं नव्हतं. नौदल म्हणायचं किनारा पोलिसांचा, पोलीस म्हणायचे पाण्यात आमच्या बोटी कुठे. फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारने वाटणी केली. सगळ्या सागरी सुरक्षेची, किनाऱ्यासकट, एकूण जबाबदारी नौदलावर. १२ नॉटिकल मैलांच्या आतल्या पाण्यातली किनारी सुरक्षा कोस्ट गार्डवर, आणि किनारी पोलीस गस्त घालतात तो भागही त्यातच धरला. मुंबई, कोची, विशाखापट्टणम आणि अंदमानला जॉइंट ऑपरेशन सेंटर झाली, जिथे नौदल, कोस्ट गार्ड, पोलीस, कस्टम यांची माहिती एकत्र येते. नौदलाने स्वतःच्या तळांभोवती गस्तीला 'सागर प्रहरी बल' नावाचं वेगळं पथक उभं केलं, त्यांच्या बोटी छोट्या आणि वेगवान. नेव्ही तळाच्या आसपास स्पीडबोट आडवी आली तर बहुतेक ते. पुढे गुरुग्रामला, जिथून समुद्र दिसायचाही नाही, सगळ्या किनाऱ्यावरच्या रडारचं चित्र एकत्र दिसणारं केंद्र झालं. त्याचं उद्घाटन नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकर यांनी केलं, संरक्षणमंत्री झाल्यावर अवघ्या काही दिवसांत.

आता संरक्षण खात्यात जे नाहीत त्यांचं बघू, कारण खरा गोंधळ इथेच.

खाकीवाली स्पीडबोट किनारी पोलिसांची. ते राज्याच्या गृहखात्याचे, दिल्लीच्या संरक्षण खात्याशी त्यांचा संबंध नाही. मासेमारीचं लायसन्स, बंदी, जाळ्याचा आस, एलईडी लाइट, बुल ट्रॉलिंग या बाबी राज्याच्या मत्स्य खात्याच्या, तेही १२ नॉटिकल मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्याच्या पलीकडे, २०० मैलांपर्यंत, केंद्राचा कायदा. कस्टम हे अर्थखात्याचं. मुरगाव बंदराच्या गेटवर उभे असतात ते सीआयएसएफवाले केंद्रीय गृहखात्याचे. गुजरातच्या खाडीत बीएसएफ आहे, तेही गृहखात्याचं. आणि हवामानाचा इशारा, लाटांचा इशारा, मासे कुठे मिळतील त्याचा नकाशा, हे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचं काम. लाटांचा इशारा आणि माशांचा नकाशा हैदराबादच्या इन्कॉइसमधून येतो, हवामानाचा इशारा हवामान खात्याकडून. त्यामुळे वादळाचा अंदाज चुकला म्हणून कोस्ट गार्डवर रागावण्यात अर्थ नाही, त्यांनाही तो तिथूनच येतो.

नकाशे मात्र संरक्षण खात्याचेच. समुद्राचे चार्ट नौदलाचं हायड्रोग्राफी ऑफिस काढतं आणि ते आहे डेहराडूनला, डोंगरात. त्या कामाचं शिक्षण मात्र आपल्या वास्कोत. नौदलाची फायरिंग प्रॅक्टिस असली की कुठल्या अक्षांश-रेखांशात कुठल्या वेळेत जायचं नाही त्याचे इशारे निघतात. ते पत्र संस्थेकडे आलं की आम्ही ग्रुपवर टाकतो. आकडे बघून कंटाळा येतो हे कबूल, पण जीपीएसमध्ये चार बिंदू मारायला पाच मिनिटं लागतात.

नोव्हेंबर २०२४ मधली 'मार्थोमा'ची घटना सगळ्यांना आठवत असेल. गोव्यापासून साधारण ७० नॉटिकल मैलांवर मासेमारी बोट आणि नौदलाची स्कॉर्पीन जातीची पाणबुडी यांची टक्कर झाली. तारीख २१, बोटीवर १३ जण. ११ वाचले, दोघे जिवंत परतले नाहीत. इथे उतरंड कशी चालली ते बघा. पाणबुडी नौदलाची, पण शोधाचं समन्वयन कोस्ट गार्डच्या मुंबई कंट्रोल रूमबरोबर झालं. नौदलाने सहा जहाजं आणि विमानं लावली, कोस्ट गार्डची साधनं जोडली गेली. म्हणजे संकटात दोन्ही दलं एक होतात. पण बोट बुडाल्यावर मालकाला लागतात पोलिसांतली नोंद, बोटीचं रजिस्ट्रेशन, विम्याचे कागद, खलाशांची यादी, आणि हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत असतं. इतक्या लांब समुद्रात जाणाऱ्या आपल्या बोटींपैकी किती जणांकडे खलाशांची ताजी यादी किनाऱ्यावर ठेवलेली असते? आम्ही नाव घेत नाही, पण फार थोड्यांकडे. खलाशी दर महिन्याला बदलतो आणि यादी मात्र गेल्या वर्षीची.

त्यामुळे मोठ्या जहाजाने जाळं नेलं, किंवा कुणी थांबवून त्रास दिला असं वाटलं, तर जागेवर भांडू नका. वेळ आणि जीपीएसचा बिंदू लिहून घ्या. जहाजाचं नाव किंवा नंबर, रंग, शक्य असेल तर मोबाइलवर फोटो. नौदलाच्या तळाजवळ मात्र फोटो काढायचे नाहीत. चॅनल १६ वर कळवा. धक्क्याला लागल्यावर किनारी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार, तिची पोच, आणि एक प्रत मत्स्य खात्याला, एक संस्थेला. तक्रार कोस्ट गार्डबद्दल असेल तर गोवा जिल्हा मुख्यालयाला, नौदलाबद्दल असेल तर गोवा एरियाच्या ऑफिसला. "मा. संरक्षणमंत्री, दिल्ली" असं लिहून टाकलेलं पत्र फिरत फिरत शेवटी याच दोन ऑफिसांत खाली येतं, फक्त तोवर पाऊस पडतो.

आपल्या मुलांसाठीही एक गोष्ट. नौदलात आता शिपाई पातळीची भरती अग्निवीर म्हणून होते, जून २०२२ पासून. वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. पहिल्या वर्षी पगार महिना ३० हजार, हातात येतात २१ हजार, बाकीचे निधीत जमा होऊन चार वर्षांनी एकरकमी मिळतात. कोस्ट गार्ड या योजनेत नाही. तिथे नाविकाची भरती अजून नेहमीसारखी, कायम नोकरीची. डोमेस्टिक ब्रँचला दहावी, जनरल ड्युटीला बारावी आणि विषय गणित-भौतिकशास्त्र, वय १८ ते २२. दोन्ही एकाच मंत्रालयात, पण पोराने फॉर्म कुठला भरला यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. सायबर कॅफेवाला सांगतो म्हणून फॉर्म भरू नका. पोरं आपली पाण्यातली आहेत, पोहण्यात कुणाला हार जाणार नाहीत. अडतं ते गणितात. बारावीला गणित सोडू नका एवढंच आम्ही आईबापांना सांगतो.

ट्रान्सपॉन्डरचं पण बोलून घेऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर उपग्रहाचं यंत्र बसवण्याची योजना सुरू केली. काही बोटमालकांना वाटतं की हे आपल्यावर पाळत ठेवायला आहे. खोटं कशाला सांगू, बोट कुठे आहे ते दिसतंच त्यात. पण इंजिन बंद पडून वाहत गेलेली बोट शोधताना त्याच बिंदूचा उपयोग होतो. घरात बायको-पोरं रात्रभर जागी असतात तेव्हा 'शेवटचं कुठे दिसले' या प्रश्नाला उत्तर असलेलं बरं.

१ ऑगस्टला समुद्र उघडायच्या आधी प्रत्येक बोटमालकाने खलाशांची नवी यादी, त्यांच्या कार्डांच्या झेरॉक्स आणि घरच्यांचे फोन नंबर संस्थेच्या ऑफिसात आणून द्यावेत. तक्रारअर्जाचा कोरा नमुना मराठीत तयार करून ठेवला आहे. १५५४ आणि चॅनल १६ लिहिलेले स्टिकर आले आहेत, केबिनमध्ये स्टिअरिंगच्या वर चिकटवायचे, फ्रीजवर नव्हे. सकाळी दहा ते एक ऑफिस उघडं असतं, रविवारी बंद.